पाच रेघांचे कागद

ही हकिकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर "त्याचे कागद जळाले" एवढं म्हणायचो, जणू ते आपोआप जळाले. ते पाहणारा आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

तो माझा बालमित्र; आम्ही दोघंही जळकोटचे. तो घरात आईशी कानडी बोलायचा, बाहेर आमच्याशी मराठी. पेटी आम्ही एकाच भजनी मंडळात शिकलो. पुढं मी निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर कारकून झालो. तो सोलापूरला एका नाटकमंडळीत पेटी वाजवू लागला आणि तिथून मुंबईला गेला. एका हॉटेलातल्या जॅझ बँडचा पियानोवाला आजारी पडला, त्याच्या जागी हा बसला तो कायमचाच. बँडमधल्या एका म्हाताऱ्या गोवेकर व्हायोलिनवाल्यानं त्याला पाच रेघांवर सूर लिहायला शिकवलं. काही वर्षांत तो सबंध बँडसाठी लिहू लागला. ट्रंपेटनं कुठं शिरायचं, ड्रमनं कुठं गप्प बसायचं, सगळं आधी कागदावर. मग स्वतःच्या चाली सुरू झाल्या.

दिवाळीला आला की नाक्यामागच्या माझ्या खोलीत माझी पेटी उघडायचा. विहिरीच्या धावेच्या उतारावरून बैल मोट ओढतात, त्यावर त्याची एक चाल होती. खालचे सूर माझे, वरचे त्याचे, भाता त्याच्या हातात. माझा भाग तो लिहून द्यायचा आणि वाचूनच वाजवायला लावायचा.

"लेका, लई सरळ वाजवतूस. बैल कधी घड्याळावर चालतो का? धावेवरून उतरताना जरा मागं रेंगाळतो, मग एकदम गाठतो. तसं वाजव."

"म्हंजे मी बैल. आन् तू?"

"म्या पानी."

"चल की मुंबईला," असंही तो दरवर्षी म्हणायचा. मी नोकरीचं कारण सांगायचो.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी आईच्या दुखण्याचं पत्र गेलं आणि तो मुंबई सोडून निघाला. बारा वर्षांचं सगळं लिहिलेलं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून आणलं होतं. तेव्हा निजामाविरुद्धचा लढा हद्दीपलीकडून चालायचा, म्हणून सोलापूरकडून आलेला कागदाचा कपटाही संशयाचा होता. भर दुपारी नाक्यावर ट्रंक उघडली गेली. मी टेबलाशी होतो.

"ये क्या है?" तपासणीच्या अंमलदारानं विचारलं.

"गाना है, साब."

"गाना? फिर बोल कहाँ हैं?"

खरंच, एकाही रेघेखाली शब्द नव्हता. बोल नाहीत ते गाणं कसलं? एक शिपाई वाकून म्हणाला, "तारायंत्राचं हाय साहेब हे. ह्या तारा, आन् हे ठिपके म्हंजे खुणा." सगळे हसले. अंमलदार मात्र हसला नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, हे वाचणारं दुसरं कुणी आहे का?

मित्रानं माझ्याकडं बोट केलं. "इनकू पूछो साब. इनकू पढ़ने आता."

वरच्याच कागदावर माझे बैल होते. पेटी तीस पावलांवर होती. आणून चार ओळी वाजवल्या असत्या तरी भागलं असतं.

"आता है?"

"नहीं साब," मी म्हणालो. "मला न्हाय कळत."

भीती होती. शेजारच्या नाक्यावरचा एक कारकून नुसत्या संशयावरून नोकरी घालवून घरी गेला होता. इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो. पण ती भरलेली ट्रंक पाहून माझ्यात जे पेटलं, ते भीतीचं नव्हतं, हेव्याचं होतं.

कागद आवारातच जाळले. तो पाहत उभा राहिला. मग रिकामी ट्रंक खांद्यावर टाकून म्हणाला, "चला, वझं कमी झालं." माझ्याकडं पाहिलं नाही.

आई गेली, राज्य बदललं. तो मुंबईला परतला नाही. दोनदा आठवून लिहायला बसला, म्हणतात, पण जमलं नाही. धाराशिवला पेट्या दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं.

माझ्याकडं मात्र बैल राहिले. जेवताना, एसटीच्या खिडकीवर, देवळात हात जोडलेले असतानाही डाव्या हाताची बोटं चालू लागतात. बैल धावेवरून उतरतात, वर येतात, पुन्हा उतरतात. मोट रिकामी येते. पाण्याचे सूर मला कधीच लिहून दिले नव्हते.

नोकरी संपल्यावर पेटीचं निमित्त करून मी धाराशिवला गेलो. तुळजापूरपासून एकच वाक्य घोकत होतो.

"या. बसा तुम्ही," तो म्हणाला. "कुठला सूर अडतोय?"

त्या 'तुम्ही'पुढं घोकलेलं वाक्य राहिलंच. "खालचा सा," मी म्हणालो.

त्यानं पेटी उघडली, सुराची पितळी पट्टी खरवडली, फुंकर मारली. मग डाव्या हातानं वाजवून पाहिलं. तेच, जरा मागं रेंगाळणारं. बैलांची दोन पावलं. मी पाण्याच्या सुरांची वाट पाहिली. त्यानं भाता मिटला.

"झालं. आता वाजंल तुम्हाला."

"बरं झालं," मी म्हणालो आणि पेटी उचलली. पुढच्या पोळ्याच्या आधी तो गेला.

घोकलेलं वाक्य एवढंच होतं: गड्या, त्या दिवशी मला सगळं वाचता येत होतं, मला माफ कर.