दोघींची एक बिडी

सुरतच्या पांडेसऱ्यातलं ते घर आठवलं की मला आधी रंग दिसतात, माणसं मागाहून येतात. कापड रंगवायच्या मिलच्या मागे आमच्या दोन खोल्या लागून होत्या. एकीत आम्ही आणि सासूबाई, दुसरीत धाकटे दीर आणि जाऊबाई. मिलचं रंगाचं पाणी खाडीत सुटायचं, म्हणून खाडी एक दिवस जांभळी तर दुसऱ्या दिवशी पोपटी. घरातही तेच. आम्ही दोघी जावा साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायचो, आणि दुपारी पंखा लावला की दोरीवरच्या साड्यांनी सगळी खोली पाण्यात बुडाल्यासारखी हलायची. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आज डोळे मिटले तरी ते कापड माझ्या अंगावरून जातं.

आणि त्या रंगांच्या मागे, ओट्यावर, एक निळसर धूर.

आमच्या सासूबाई बिडी ओढायच्या. आमच्या खानदेशात त्यांच्या वयाच्या कितीतरी बाया ओढत, त्याचं कोणाला काही वाटत नसे. साडीवर ठिणगी पडली तर काम देणारा शेठ ती साडी आमच्याच गळ्यात मारायचा, म्हणून त्या मागच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. सोबत धाकटी जाऊ. एकच बिडी पेटायची. सासूबाई दोन झुरके घेणार, मग तिच्या हातात देणार, पुन्हा आपल्याकडे. मला धुराचा ठसका लागतो, मी आपली आत साड्या राखत बसायची. सासूबाई म्हणायच्या, ही सुरतला येऊन मडम झाली. मी हसायची, पण खरं सांगू का, मला त्या दोघींचा हेवा वाटायचा. बिडी विझली की सासूबाई पुन्हा सासूबाई व्हायच्या, भाजीत मीठ कमी म्हणून बोलायच्या. पण ओट्यावर त्या तिच्याशी मैत्रिणीसारख्या बोलत. जाऊबाईची आई लहानपणीच गेलेली, तिला हे एवढंच माहेर होतं.

तिची पहिली मुलगी पोटात असतानाही ही बिडी चालूच होती. मुलगी झाली ती ओंजळीत मावेल एवढी. सासूबाई खूश. बाळ लहान होतं म्हणून सुटका झाली, म्हणाल्या. मुलगी हुशार, बोलकी, पण अंगानं वाढेना. कापडाचा ताका उभा ठेवला की त्याच्याआड लपायची, आणि आम्हाला खरंच दिसायची नाही. आम्ही हसायचो.

हसू थांबलं ते शाळेत घालायच्या वेळी. तेव्हा डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पोचला तर वय झालं म्हणायचे. मुलीनं हात ताणला, मान वाकडी केली, जीभही बाहेर काढली, पण कान काही हाताला लागेना. बाईंनी हसून सांगितलं, पुढच्या वर्षी आणा. वाटेत जाऊबाईनं मुलीला कडेवर घेतलं आणि ती खाडीच्या पुलावर थांबली. त्या दिवशी पाणी गुलाबी होतं. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "आक्का, मला पुन्हा दिवस गेलेत. हेही असंच राहील का?"

मी शिकलेली थोडीच. दोघी मिळून दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सबाई गुजराती, पण हिंदीत समजावून सांगायच्या. त्यांनी आधी खाणंपिणं विचारलं, मग जाऊबाईच्या पदराचा वास घेतल्यासारखं केलं आणि थेट विचारलं, बिडी कोण ओढतं? म्हणाल्या, मूल लहान राहायला कारणं पुष्कळ असतात, पण धुरानं पोटातल्या बाळाला मिळायचं ते कमी पडतं. दुसरं कोणी शेजारी बसून ओढलेलीही चांगली नाही.

बिडी सोडणं म्हणजे ओटा सोडणं, हे तिला तिथेच कळलं.

दुसऱ्या दुपारी सासूबाईंनी नेहमीसारखी हाक मारली. ही आतच. पुन्हा हाक. मग त्या बिडी हातात घेऊन दारात आल्या. हिनं खाली बघतच दवाखान्यातलं सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, त्या नर्सला काय कळतं, मोठं बाळ अडतं. आणि मग, इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. त्यांची एक लेक होती. गावी, घरीच, तिचं बाळ अडलं. दोघंही गेली. बाळ चांगलं थोराड होतं, म्हणाल्या.

पंखा फिरत होता, साड्या हलत होत्या. बाळ लहान राहावं म्हणून सासूबाई आपल्या सुनेला धूर देत होत्या, त्यांच्या परीनं तिचा जीव राखत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं.

जाऊबाई उठून त्यांच्याजवळ गेली. "आत्याबाई, मी घरी बाळंत होणार नाही. दवाखान्यात जाईन. मोठं असलं तर तिथे डॉक्टर आहे. फक्त तुम्ही माझ्यासोबत चला."

सासूबाई बिडी घेऊन बाहेर पडल्या. त्या दिवसापासून त्या एकट्याच बसू लागल्या, तेही ओटा सोडून पार गल्लीच्या तोंडाशी. जाऊबाईचे पहिले दिवस फार वाईट गेले. चिडायची, रडायची, टिकल्या उलट्या चिकटवायची. तोंडात बडीशेप धरून बसायची. दुपार झाली की नजर ओट्याकडे जायची. मी गावाकडच्या गोष्टी सांगायची, पण मी काही सासूबाई नव्हते.

मुलगा झाला तो दवाखान्यात, दिवसाउजेडी. सासूबाई सकाळपासून दाराशी उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसेनात. आयानं बाळ आणून दिलं तसे त्यांचे हात खाली गेले, इतकं वजन असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. तोंड पांढरं पडलं.

"ती कशी शे?" एवढंच विचारलं.

आया म्हणाली, बरी आहे, चहा मागतेय.

मग कुठे सासूबाई बाकावर बसल्या. बाळाकडं बघू लागल्या. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, हात भरून येतील. त्यांनी मान हलवली. मोठी नात येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली, भावाची मूठ उघडून बघू लागली. तिलाही त्यांनी पदराखाली ओढून घेतलं. आतून जाऊबाईचा आवाज आला, आत्याबाई, आणा ना इकडे, मला बघू द्या.

"येते वं माय," त्या म्हणाल्या, आणि ते वजन मांडीवर धरून बराच वेळ उठल्याच नाहीत.