आंदोलनासाठी भाड्याचा कोट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात विसरलेल्या छत्र्या साचतात, तसे ते साचत जातात. आमच्या बदलापूरच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला एकच नाटक होतं. एक वकील इंग्रजांच्या कोर्टाला विटून कोट फेकतो, आंदोलनाचा नेता होतो आणि शेवटी त्याच कोर्टात आरोपी म्हणून उभा राहतो. कदम मॅडम हे इतकी वर्षं बसवतायत, की आता तालीम डोळे मिटूनच बघतात. मी प्रॉम्प्टर. माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जात नाही, म्हणून मी पडद्यामागे.

यंदा हेडसर म्हणाले, "मॅडम, पोरं जांभया देतात. या वेळी नाटक पडलं, तर पुढच्या वर्षीपासून डान्स."

मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या. मी मात्र लगेच मनात हिशेब केला. डान्सला प्रॉम्प्टर लागत नाही!

*

भूमिका वाटताना आमच्या वर्गातला रूपेश म्हणाला, "मॅडम, मला वकील नको, नेता द्या. नेत्याला हार मिळतो."

"अरे, माणूस एकच आहे. आधी वकील, मग नेता."

"मग वकील संपला की मला हाक मारा ना!"

मॅडमनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यानंतर तालमीत त्या उठल्याच नाहीत.

*

कोट आणायला मी मॅडमबरोबर उल्हासनगरला गेले. दुकानदार सिंधी काका. त्यांनी विचारलं, "मॅडम, वकील कितनी देर का है?"

"दुसऱ्या प्रवेशात कोट फेकून देतो."

"अरे, मग विकत कशाला? भाड्याने न्या ना! पंधरा तारखेला पाचपर्यंत परत." कोटाची घडी घालता घालता ते थांबले. "देश के लिए है, ठीक है. पण त्याला सांगा, जरा धीरे फेंकना!"

रूपेशने हे फारच मनावर घेतलं. तालमीत तो कोट काढायचा, झटकायचा, नीट घडी करून विंगेत ठेवायचा, आणि मग ओरडायचा, "धिक्कार असो!"

*

परदेशी कपड्यांची होळी लाल कागदाची होती, पण कपडे खरे हवे होते. न्यायाधीश होणाऱ्या तेजसने टीशर्ट आणला. छातीवर भलंमोठं 'लंडन'! मॅडमनी कॉलर उलटून आतलं लेबल वाचलं. उल्हासनगर.

"हा स्वदेशी आहे," त्या म्हणाल्या. "बाजूला ठेव."

*

रूपेश अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. वडिलांची नाइट शिफ्ट, त्यामुळे पहाटे पाणी भरणं त्याच्याकडे. तुरुंगाच्या प्रवेशात तो खरंच झोपायचा. एकदा इंग्रज जेलर त्याला हलवून हलवून थकला.

"ऊठ ना यार, तुला सोडायचंय!"

"अजून पाच मिनिटं आत राहू दे ना," नेता डोळे न उघडता म्हणाला.

*

पंधरा ऑगस्ट. रूपेशने कोट हळूच फेकला, विंगेत मॅडमच्या पायाशी. पहिल्या रांगेत हेडसर मोबाइल बघत होते. शेवटचा प्रवेश, कोर्ट. तेजसने हातोडा आपटला. "आरोपीला काही सांगायचंय?"

रूपेश सगळं विसरला होता.

मी कुजबुजले. त्याला ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने बोलले. तरी नाही. निवेदनाचा माइक माझ्या शेजारीच होता, आणि तो चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं. हॉलभर माझाच आवाज घुमला. "मी वकिली सोडली. कारण इथे न्याय मागायचा म्हणजे चोराकडेच चोराची तक्रार करायची!"

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हेडसरांचा मोबाइल खाली गेला होता.

तेजसने एकदा रूपेशकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "हे कोण बोललं?"

रूपेशने हात जोडले. "मायलॉर्ड, माझ्या वकील आहेत. पण त्या बाहेर येत नाहीत. लाजतात."

हॉल हसला. अजून अख्खं भाषण बाकी होतं, आणि ते फक्त मला पाठ होतं.

"कोर्टात असं चालत नाही," तेजस म्हणाला. "त्यांना समोर बोलवा!"

मी पडद्यामागे आणखी एक पाऊल मागे सरकले. तेवढ्यात खुर्ची करकरली. मॅडम उठल्या होत्या. त्यांनी पायाशी पडलेला कोट उचलला, दोनदा झटकला आणि माझ्यासमोर बाही उघडी धरली.

"घाल," त्या म्हणाल्या. "पाचपर्यंत आपलाच आहे."