लाल रेघ उजवीकडे

“दगडाला वर-खाली कळत नाही, आई. ते आपल्याला त्याच्या अंगावर लिहावं लागतं.”

हे ती म्हणाली तेव्हा नुकतीच पेट्रोलियम इंजिनिअर झाली होती. आई शिवणयंत्रावर वाकलेली होती. ओठांत धरलेली टाचणी काढून ती म्हणाली, “मग त्यात एवढी वर्षं शिकण्यासारखं काय होतं? मीही कापडाच्या उलट्या बाजूला खडूनं फुली मारतेच की.”

लेक हसली. आईनं बरोबर नस पकडली होती. तेलाची विहीर खोदताना मध्येच एक पोकळ नळी खाली सोडतात आणि जमिनीच्या पोटातला दगड सलग दांड्यासारखा कापून वर आणतात. त्याला म्हणतात कोर. वर आला की त्याच्या नळीवर लांबीभर दोन रेघा ओढायच्या, एक लाल आणि एक काळी. वरचं टोक पलीकडे ठेवून पाहिलं की लाल उजव्या हाताला यायला हवी. मग करवतीनं हातहातभर तुकडे करून, नंबर घालून ते खोक्यांत भरायचे. तुकडे झाले की कुठलं टोक आभाळाकडे होतं आणि कुठलं पाताळाकडे, हे सांगायला त्या दोन रेघांशिवाय दुसरं कुणी उरत नाही.

कॉलेजात तिच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या, आणि रिगवर, म्हणजे विहीर खोदतात त्या जागेवर, जायचा हट्ट धरणारी ती एकटी. नोकरी लागली तशी तिला कोर ठेवायच्या खोलीत बसवलं. लांबलचक खोली, पत्र्याचे कप्पे, छतापर्यंत खोकी, आणि ओल्या दगडाचा व डिझेलचा मिसळलेला वास. एकदा सगळे डबे उघडून जेवायला बसले असताना ती एका तुकड्यात अडकलेली शिंपली दाखवत टेबलाभोवती फिरली. तेव्हापासून तिचं नाव शिंपली पडलं.

तिला तिथून बाहेर काढलं ते सरांनी. सर तिथले सगळ्यांत जुने भूगर्भतज्ज्ञ. “मुलगी कशाला रिगवर?” असं वरचे म्हणाले, तेव्हा सरांनी तिच्यासाठी शब्द टाकला. पहिल्यांदा जीपमधून जाताना फाटकाशी उभ्या असलेल्या गडद लाल ट्रककडे बोट दाखवून ते म्हणाले, “तो काळा ट्रक दिसला की समजायचं, आलो आपण.”

शिंपलीनं आधी ट्रककडे पाहिलं, मग सरांकडे. सरांना कळलं की तिला कळलंय.

“लाल रंग मला काळाच दिसतो,” ते समोर बघत म्हणाले. “जन्मापासून. हे फक्त तुझ्यात आणि माझ्यात, पोरी.”

ते तिच्यात आणि त्यांच्यातच राहिलं. कोर वर आला की ती लाल मार्कर आपल्या हातानं त्यांच्या उजव्या हातात द्यायची, काळा डाव्या. मीटिंगमध्ये रंगीत नकाशे पसरले की सरांचं बोट एखाद्या पट्ट्यावर अधांतरी थांबायचं, नजर हळूच तिच्याकडे यायची, आणि ती किंचित मान हलवायची. इतकी किंचित, की बघणाऱ्याला वाटावं कॉलर टोचतेय. तिला यात कमीपणा वाटला नाही. ज्यानं आपल्याला दार उघडून दिलं त्याला उंबरठा दाखवायचा, एवढंच.

मग ती संध्याकाळ आली. रिगचे पिवळे दिवे लागले होते, कोर वर येत होता, आणि तेवढ्यात खोदताना विहिरीत सोडतात त्या चिखलाच्या टाकीकडून हाक आली, गॅस वाढलाय, कुणीतरी या. सर म्हणाले, “तू पळ. इथलं मी बघतो.” ती परत आली तेव्हा तुकडे कापून झाले होते आणि खोक्यांच्या झाकणांना खिळे बसत होते.

“सर, रेघा कुणी ओढल्या?”

“मी. का? तुझ्या जन्माआधीपासून ओढतोय.”

बाकीचे हसले. तीही हसली. एक झाकण काढून बघावं असं तिच्या मनात आलं होतं, पण चारचौघांत सरांनी मारलेल्या रेघा तपासायच्या म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचा अपमान. ती खोक्यापासून मागे सरली.

प्रयोगशाळेतून बातमी आली ती पेढ्याविना गोड. वरच्या दगडात तेल होतंच. त्याखाली पाणी लागतं, तसं लागलं. पण त्या पाण्याखाली पुन्हा तेलाचा एक पट्टा सापडला होता. दुसरा थर! सरांची पाठ थोपटली गेली. त्या थरासाठी शेजारीच नवी विहीर घ्यायचं ठरलं, आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, “पुढच्या रिगवर कोरचं काम ही एकटी बघेल.” शिंपलीनं घरी येऊन आईच्या गळ्यात हात टाकले. टाचण्या टोचल्या, तरी सोडलं नाही.

नवी विहीर खोदली. पाणी लागलं. आणखी खाली गेले. पाणीच.

तिच्या जिवाला चैन पडेना. तिनं कोरच्या खोलीत जाऊन तो तुकडा काढला, ज्यात पाण्याखाली तेल दिसलं होतं. रेघांप्रमाणे टेबलावर मांडला आणि भिंग लावलं. त्यात शिंपल्यांचा एक पातळ थर होता. समुद्राच्या तळाशी पाण्याच्या ओढीत रिकाम्या शिंपल्या पालथ्या पडतात, पाठ वर करून. इथं सगळ्या उताण्या होत्या, वाट्यांसारख्या, कुणी काही वाढेल म्हणून वाट बघत असल्यासारख्या. तिनं तुकडा फिरवला. शिंपल्या पालथ्या झाल्या. तेल वर गेलं, पाणी खाली. दुसरा थर कधी नव्हताच. संध्याकाळच्या त्या पिवळ्या उजेडात लाल आणि काळ्याची अदलाबदल झाली होती, आणि प्रत्येक तुकडा आपल्या जागी डोक्यावर उभा राहिला होता.

ती तडक सरांकडे गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कुणाला बोललीस?”

“नाही. आधी तुमच्याकडे आले.”

“बरं केलंस. उद्या मोठे साहेब बोलावतील. तू काही बोलू नकोस. माझी चूक, मी सांगतो.”

घरी तिनं आईला एवढंच सांगितलं की सर सांभाळून घेतील. आई शिवण उसवत होती. “माणूस चांगला आहे ना?”

“देवमाणूस आहे.”

“मग झोप निवांत,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत तिघंच होते. टेबलावर ते खोकं होतं, कोरच्या खोलीतून तिनंच उचलून आणलेलं. तुकडे उलटे लागलेत एवढं साहेबांना सरांकडून कळलेलं होतं.

“रेघा कुणी ओढल्या?” त्यांनी विचारलं.

सर खिडकीकडे बघत होते. “त्याच वेळी गॅस वाढला होता, साहेब. मी टाकीकडे धावलो. कोरपाशी ही होती.”

शिंपलीला आधी वाटलं, सरांच्या तोंडून चुकून गेलं. आता दुरुस्त करतील. टाकीकडे तर ती धावली होती. त्यांनी तिची जागा उचलून स्वतःच्या अंगावर घातली होती, खुंटीवरचा कोट चढवावा तशी.

“पोर हुशार आहे,” सर पुढे म्हणाले, आवाजात अगदी माया. “घाई झाली असेल. कारवाई वगैरे नको. काही वर्षं ऑफिसात बसू दे, शिकेल. जबाबदारी माझी.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “तुमच्यासारखा वरिष्ठ मिळालाय हे हिचं नशीब.” मग तिच्याकडे वळून, “तुला काही म्हणायचंय?”

म्हणायचं होतं. केसानं गळा कापणं हे तिनं आजवर नुसतं ऐकलं होतं. त्यात दुखत नाही, गळ्याशी फक्त गार लागतं, हे तिला आत्ता समजत होतं. एक वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, छोटं, फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रकबद्दल. पण जीपमध्ये वचन दिलं-घेतलं गेलं होतं, आणि तिच्या बाजूनं ते अजून मोडलेलं नव्हतं.

तिनं खिशातले दोन मार्कर काढून टेबलावर ठेवले, सरांच्या पुढ्यात. आता ते तिला लागणार नव्हते.

साहेब खोकं पुढे ओढत म्हणाले, “चला, या खोक्यावर फुली मारून टाकू, पुन्हा कुणी फसायला नको. तो लाल द्या इकडे.”

सरांचा हात पुढे आला. दोन मार्करच्या वर येऊन अधांतरी थांबला. आणि जुन्या सवयीनं त्यांची नजर हळूच वर उचलली गेली, तिच्याकडे.

“लाल, अहो,” साहेब म्हणाले. “समोरच तर आहे.”

शिंपलीनं त्या नजरेकडे क्षणभर पाहिलं. मान हलली नाही. मग तिनं खुर्ची मागे सरकवली, आपलं हेल्मेट उचललं आणि दार उघडून बाहेर पडली.