मोबाइल कपाटात, पोरगी किनाऱ्यावर

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. इस्पितळात दिवसभर पेशंटशी गोड बोलून साखर संपते, मग घरच्यांच्या वाट्याला तिखट येतं. त्या वर्षी ते सगळं माझ्या चौदा वर्षांच्या लेकीच्या वाट्याला आलं.

जूनपासून कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसी चालू आणि तिचं दार बंद. बाहेर उन्हाच्या झळा, आत मोबाइल. जेवायला बोलवावं तर दोन घास खाऊन उठायची. काय झालंय विचारावं, तर "आय एम फाइन." हसणं तर विसरलीच होती. मला आतून भीती वाटायला लागली होती. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. दुसऱ्यांची पोरं दारातून आत आली की कोणाचं काय दुखतंय ते ओळखते. आणि स्वतःच्या पोरीचं निदान काय केलं? मोबाइल!

नोव्हेंबरात हवा सुधारली, तसा मी तो काढून घेतला आणि कपाटात पासपोर्टांच्या फाइलखाली ठेवून कुलूप लावलं. आमच्या घरात याहून सुरक्षित जागा नाही.

"रोज साडेचारला माझ्याबरोबर समुद्रावर चालायला यायचं. बास!"

नवरा म्हणाला, "अगं, जरा दमानं घे."

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी ती माझ्या वीस पावलं मागे. मी पुढून भाषण देत होते, आम्ही लहानपणी लगोरी कशी खेळायचो, दिवे लागेपर्यंत घरी कसं जायचो नाही, वगैरे. वाऱ्यालाच ऐकवत होते म्हणा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मागे वळून पाहिलं, तर ती कठड्यावर बसून हुंदके देत होती. मी तशीच मागे धावले.

"आई, आज तिसरा दिवस," ती म्हणाली. मराठीत! "तिला वाटेल, मीपण तिला विसरले."

'ती' म्हणजे खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण. केजीपासून दोघी एकाच बसने शाळेत जायच्या. जूनमध्ये मैत्रिणीच्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते सगळे कोल्हापूरला परत गेले. तेव्हापासून इथे साडेचार, म्हणजे तिकडे सात वाजले, की दोघींचा फोन. आणि मी बरोबर तीच वेळ धरली.

इथलं असंच आहे. कुणी कायमचं निघालं की आम्ही केक कापतो, त्यांच्या घरातले उरलेले डाळ-तांदूळ वाटून घेतो, विमानतळावर रडतो. महिन्याभरात त्याच फ्लॅटमध्ये नवीन कुटुंब येतं आणि आम्ही त्यांच्याकडे चहाला जातो. प्रत्येकासाठी रडत बसलं तर इथे राहणंच कठीण. लेकीलाही मी तेव्हा म्हटलं होतं, "होतील की नव्या मैत्रिणी." मोठी शहाणी लागून गेले!

चौथ्या दिवशी मोबाइल कपाटातून निघाला आणि आमच्याबरोबर समुद्रावर आला. चालणं मात्र मी सोडलं नाही, तेवढं माझं बरोबरच होतं. ओहोटीच्या ओल्या वाळूत लेक फोन पुढे धरून एका खेकड्यामागे धावत होती आणि तिकडून मैत्रीण ओरडत होती, "अगं, तिकडे! दगडाखाली!" मी मध्येच तोंड घातलं, "आणि तू गं? घरात बसून काय बघतेस? जा, गच्चीवर जा!" गेली बिचारी. माझी लेक खदखदून हसली. जूननंतर पहिल्यांदा.

गच्चीवर दिव्याच्या उजेडात मैत्रिणीची आई वाळत घातलेले कपडे काढत होती. दहा वर्षं आम्ही दोघींनी संध्याकाळचा चहा एकत्र प्यायला होता. "पोचलीस की लगेच फोन करते," असं विमानतळावर मीच तिला सांगितलं होतं. पाच महिन्यांत एकदाही केला नव्हता.

लेकीने फोन माझ्या हातात कोंबला आणि ती खेकड्यामागे पळाली.

"बोल गं," तिकडून आवाज आला. "मला वाटलं, विसरलीस."