भिंतीपलीकडची

आम्ही अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावर राहत होतो आणि आमच्या डोक्यावर कारखान्यातल्या एका साहेबांचं बिऱ्हाड होतं. त्यांची बायको इतिहास घेऊन बीए झालेली. माझी मुलगी आठवीत गेली आणि शाळेतून आली की दप्तर टाकून वर पळू लागली. घरात दर वाक्याला "काकू म्हणतात" सुरू झालं. मी चौथी शिकलेली, मी काय म्हणणार? परकर शिवत ऐकायची.

त्या वर्षी काकूंनी तिला रोमन लोकांचं वेड लावलं. त्यांचं राज्य उत्तरेला जिथं संपत होतं तिथं त्यांनी लांबलचक भिंत बांधली. अलीकडे सैनिकांची ठाणी आणि पलीकडे तिथल्या रानटी टोळ्या. ठाण्यातल्या लोकांनी लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं आता जमिनीत सापडलीत म्हणे. मुलगी जेवताना हे सांगायची. मला ऐकायला आवडायचं, आणि आवडतंय याचाच राग यायचा.

माझी आई बदलापूरच्या पुढे खेड्यात भावाकडे असायची. तिला पत्र मी सांगायची आणि मुलगी लिहायची. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या माझ्या हातच्या. ते आम्हा दोघींचंच होतं.

एकदा मी काकूंची वाटी परत द्यायला वर गेले. दार लोटलेलं होतं. काकू सांगत होत्या, "एका अधिकाऱ्याच्या बायकोनं मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावलंय. पत्र कारकुनानं लिहिलंय, पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या."

"माझी आई पण असंच करते," मुलगी म्हणाली.

"म्हणजे तुझी आई रोमन झाली की गं."

"छे हो काकू, आई भिंतीपलीकडची." आणि दोघी हसल्या.

मी वाटी दाराशी ठेवून खाली आले.

पुढचं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मुलगी पेन घेऊन बसली. मी म्हटलं, "तू जा वर. पत्राचं बघते मी." शेठकडून शिवायला आणलेले परकर तसेच पडून राहिले, दोन दुपारी गेल्या, पण सगळं पत्र मीच लिहिलं. शेळी व्याली का, गुडघा कसा आहे, सगळं. चिकटवून स्वतः पेटीत टाकून आले.

भावाचं उत्तर आलं, ते मुलीनं मोठ्यानं वाचलं. "आई विचारते, पत्र कुणाकडून लिहून घेतलंस? अक्षर पोरीचं नाही. पोर आजारी आहे का?"

दर पत्रात दोन ओळी लिहूनही माझ्या आईला माझं अक्षर ओळखू आलं नव्हतं. तिलाही माझ्या मुलीचंच हवं होतं. आता मला काकूंचा राग यावा की मुलीचा, तेच कळेना.

"तू लिहिलंस?" मुलीनं विचारलं. "एवढं सगळं?"

"हो. भिंतीपलीकडच्यांनाही थोडंफार येतं."

तिचा चेहरा उतरला. बराच वेळ ती माझ्याजवळ बसून परकरांचे दोरे तोडत राहिली. त्या दिवशी वर गेली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी गेली. मी अडवलं नाही. मशीन थांबवून वरचं बोलणं ऐकू येतंय का ते मात्र बघत होते.