सरकलेली ओळ

सर निवृत्त झाले आणि प्राचीन जगाचा इतिहास माझ्याकडे आला. अमरावतीतल्या याच क्लासमध्ये मी एकेकाळी त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसायचे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या हाताने लिहिलेल्या नोट्स टाईप केल्या, वही परत करताना एक प्रत त्यांना वाचायला दिली, कामांच्या यादीत खूण केली. त्यांच्याकडून एकही दुरुस्ती आली नाही.

छपाईच्या आदल्या दिवशी चीनच्या तक्त्यावर अडले. कन्फ्यूशियसच्या विचारांवर राज्यकारभार उभा करणारं घराणं म्हणून छिनचं नाव होतं, आणि त्याच विचारांचे ग्रंथ जाळणारं म्हणून हानचं. नेमकं उलट. अख्खी बॅच हे पाठ करून परीक्षेत लिहिणार होती.

म्हणजे सरांना सांगणं आलं. एरवी मी कोणालाही तोंडावर सांगते. आम्हा वऱ्हाडी माणसांना ते शिकवावं लागत नाही. पण सरांची चूक कधी काढली नव्हती. पुढच्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं, की राजा चुकला तर त्याला सांगणं हे मंत्र्याचं कर्तव्य. नंतरच्या घराण्यांनी तर त्यासाठी खास अधिकारी नेमले. त्यातल्या काहींचं पुढे काय झालं, तेही लिहिलं होतं.

मोर्शीची डझनभर संत्री घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि एका दमात सांगून टाकलं. सर उठले. कपाटातून आपली जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. वहीत दोन्ही घराणी आपापल्या जागी होती. टाईप करताना माझीच ओळ सरकली होती.

"मंग सर, प्रत वाचली तवा सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, तुनं बदललं म्हंजे काही नवीन वाचूनच बदललं असन," संत्रं सोलत सर म्हणाले. "आता शिकवणारी तू हायेस."

मग त्यांनी लाल पेन मागितला आणि आम्ही सगळी पानं पुन्हा वाचली. आणखी दोन चुका निघाल्या. एक माझी, एक त्यांची. ती मी लगेच सांगितली.

छपाई दोन दिवस लांबली. वर्गात मी सगळं खरं सांगितलं. मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, म्हणजे राजा बरोबर होता अन् मंत्रीच चुकला?"

मी हो म्हटलं आणि तक्ता फळ्यावर लिहायला घेतला.