नदीकाठची खूण

तेरणेला पूर आला त्या दिवशी माझी बहीण वारली.

पुरात नाही. दुपारी सरपण काढताना तिला साप चावला. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडच्या माणसाने नकाशात गाव शोधलं आणि सांगितलं, तुमचं गाव पाण्यात आहे, बोट पाठवतो, पेशंटला हलवू नका.

"पाणी न्हाई हो हितं. रस्ता कोरडा हाय," दाजी म्हणत राहिले.

"नकाशात नदीला लागून दिसतंय, काका. थांबा तिथंच."

बोट जुन्या गावावर गेली. तिथे कोणी राहत नाही. भूकंपात ते पडलं तेव्हा मी चौथीत होतो. आई त्यातच गेली. उरलेल्यांना वर माळावर नवं गाव बांधून मिळालं, नाव तेच. आम्ही मात्र त्याला पुनर्वसन म्हणतो. गावात चाललो म्हटलं की अजूनही खाली, नदीकाठच्या त्या दगडांकडे.

नकाशावर गावाची खूण तिथे मी ठेवली होती. मी नांदेडला ग्रंथपाल आहे. कोणालाही भर घालता येते असा एक नकाशा इंटरनेटवर आहे. आपत्तीत तो कामाला येतो, म्हणून सुटीच्या दिवशी आम्ही काहीजण उपग्रहाच्या चित्रांवरून त्यात रस्ते आणि वस्त्या भरायचो. आमच्या गावाचं नाव कुणा परक्याने आधीच माळावर टाकलं होतं. बरोबर जागी. मी ते उचलून नदीकाठी नेलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, मी इथलाच आहे. बदल तपासणाऱ्याला तेवढं पुरलं.

भाऊबीजेला बहिणीला ते मोबाइलवर दाखवलं.

"आन् माझं घर कुटंय ह्याच्यात?"

"ते वर, पुनर्वसनात."

"म्हंजी माझे पाव्हणे तितं बाभळीखाली जाऊन बसतील व्हय रे? तू अजून तितंच फिरायलास."

ती हसली, मीही हसलो. तिला गावातच दिलेलं; आईच्या मागे तिनेच मला वाढवलं होतं. तिचं म्हणणं खरं आहे हे मला तेव्हाही कळत होतं. खूण मी हलवली नाही.

दोन तास वाट पाहून दाजींनी तिला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं. माळावरून औशाला जाणारा रस्ता दिवसभर उघडा होता. औसा यायच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर मी दाजींना सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते.

"आता नीट केलं का ते?"

"केलं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि कातरत राहिले.

गावाचं नाव आता माळावर आहे. नदीकाठच्या जागेला नाव नाही. दाजी घरात एकटे असतात, आणि माझा फोन उचलत नाहीत.